आयोचे ज्वालामुखी आणि जोड-आरशांची दुर्बीण: एलबीटीआयचे परीक्षण

ॲरिझोनातील माउंट ग्रॅहमवरच्या लार्ज बायनॉक्युलर टेलिस्कोपला जोडलेले एलबीटीआय हे अवरक्त इंटरफेरोमीटर (दोन आरशांचा प्रकाश एकत्र आणून बारीक तपशील टिपणारे उपकरण) उपग्रहांच्या पृष्ठभागांसाठी कितपत उपयोगी आहे, हे कोणता उपग्रह पाहायचा यावर ठरते. गुरूच्या आयोसाठी त्याला तोड सापडणे कठीण. बर्फाळ उपग्रहांसाठी मी त्याची शिफारस करणार नाही.

8.4 मीटरचे दोन आरसे एकाच सांगाड्यावर असल्याने त्यांचा प्रकाश एकत्र आणला की एका दिशेत जवळजवळ 23 मीटर व्यासाच्या दुर्बिणीची विभेदनक्षमता, म्हणजे जवळजवळचे तपशील सुटे दाखवण्याची क्षमता, हाती येते. 4.8 मायक्रॉन तरंगलांबीला एकट्या आरशातून आयोवरचे साडेतीनशे किलोमीटरांहून लहान तपशील सुटे दिसत नाहीत. दोन्ही आरसे मिळून ही मर्यादा सव्वाशेच्या आसपास येते. या तरंगलांबीला परावर्तित सूर्यप्रकाश क्षीण आणि तप्त लाव्हा प्रखर असतो, हा आणखी एक फायदा. सुमारे 200 किलोमीटर रुंदीचे लोकी पटेरा हे लाव्हाचे सरोवर एरवी नुसता तेजस्वी ठिपका असते. डिसेंबर 2013 च्या निरीक्षणांत मात्र त्यातला कोणता भाग अधिक तापलेला आहे, हेही कळले.

उणीव आहे ती दुसऱ्या दिशेत, कारण तिथे आरसा 8.4 मीटरचाच राहतो. पृथ्वीच्या परिवलनामुळे आरशांच्या जोडीची दिशा आकाशाच्या संदर्भात फिरते आणि ही उणीव हळूहळू भरून निघते, पण आयो तेवढा वेळ स्थिर राहत नाही: साडेबेचाळीस तासांत स्वतःभोवती फिरणाऱ्या या उपग्रहाच्या बिंबाच्या मध्यावरील जागा तासाभरात सुमारे 270 किलोमीटर, म्हणजे अख्ख्या लोकीपेक्षा जास्त, सरकते. त्यामुळे अंतिम प्रतिमेत गणिती पुनर्रचनेचा वाटा मोठा असतो आणि तिच्यातल्या बारीक रेषांवर फार भिस्त ठेवू नये.

8 मार्च 2015 रोजी गुरूचाच आणखी एक उपग्रह, बर्फाळ युरोपा, आयोच्या समोरून गेला, तेव्हाचे निरीक्षण मला सर्वांत सरस वाटते. या तरंगलांबीला काळाकुट्ट दिसणारा युरोपा लोकीला टप्प्याटप्प्याने झाकत आणि उघडत गेला. त्या वेळी प्रकाश कसा कमी-जास्त होत गेला याच्या आलेखावरून (प्रकाशवक्रावरून) सरोवराच्या तापमानाचा जो नकाशा 2017 मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात पृष्ठभाग नव्याने घडवणाऱ्या दोन लाटांचा माग लागला. अर्थात इथे सूक्ष्मता मिळाली ती मुख्यतः युरोपाच्या कडेमुळे, त्यामुळे सगळे श्रेय इंटरफेरोमीटरला देणे योग्य नाही.

बर्फाळ पृष्ठभागांचे तापमान शंभर केल्विनच्या आसपास असते आणि त्यांचे उत्सर्जन तीस मायक्रॉनजवळ सर्वाधिक असते, जिथे पृथ्वीचे वातावरण बहुतांशी अपारदर्शक आहे. युरोपा किंवा गॅनिमीड या गुरूच्या बर्फाळ उपग्रहांच्या तापमानाचे नकाशे हवे असणाऱ्यांनी चिलीतील अल्मा या मिलिमीटर तरंगांच्या दुर्बीणसमूहाकडे वळावे.