बागेतलं ऑफिस आणि गेलेले १३,४९० पौंड

इंग्लंडमधल्या रेडिंगला आमचं दोन बेडरूमचं घर आहे. नवऱ्याचे आणि माझे कॉल एकाच वेळी सुरू झाले की लेक जिन्यात बसून अभ्यास करायची. म्हणून मागच्या बागेत ऑफिससाठी लाकडी खोली बांधून घेतली. इथल्या आपल्या बऱ्याच घरांत सध्या हाच विचार चाललाय, म्हणून घडलं ते सगळं सांगते.

कंपनीचा माणूस घरी येऊन मापं घेऊन गेला. बोलायला अगदी गोड. कुंपणापासून दोन मीटरच्या आत खोली बांधायची तर उंची अडीच मीटरच्या वर नको, मग प्लॅनिंगची परवानगी सहसा लागत नाही, असं म्हणाला. मी ताडून पाहिलं, ते बरोबर निघालं. तेवढ्यावर मी त्याच्या बाकीच्या बोलण्यावरही विश्वास टाकला.

तीन बाय चार मीटरची खोली, भिंतीत १०० मिलिमीटरचं इन्सुलेशन, वीज, सगळं मिळून १४,२०० पौंड. कार्डाऐवजी थेट बँकेतून दिले तर पाच टक्के सूट. आम्ही थेट दिले. भिंती उभ्या राहिल्या त्याच दिवशी उरलेले पैसेही मागून घेतले. विजेचं काम नियमानुसार झाल्याचं सर्टिफिकेट म्हणे पोस्टाने येईल.

जानेवारीत एका सकाळी आत गेले तर टेबलामागच्या भिंतीवर पाण्याचे ओघळ, कोपऱ्यात काळी बुरशी, वह्यांची पानं फुगलेली. त्यात वीज सारखी ट्रिप व्हायला लागली. नोंदणीकृत इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्याने सॉकेट उघडून भिंतीत टॉर्च मारला. आत बोटभरही जाड नसलेला चंदेरी फुग्यांचा कागद होता आणि त्याच्यामागे थेट बाहेरची फळी. मग त्याने बाहेरची माती वीतभर उकरली. घराच्या भिंतीत वापरतात ती साधी करडी केबल झाडांना पाणी घालायच्या नळीत सारून पुरली होती. तिथे पोलादी तारांचं कवच असलेली केबल हवी होती. "मुलगी इथे मातीत खेळते का?" त्याने विचारलं, आणि लगेच लाइन तोडली. त्या प्रश्नाने आजही माझ्या पोटात गोळा येतो.

कंपनीचा फोन बंद. कंपनीज हाउस, म्हणजे कंपन्यांची नोंद ठेवणारं सरकारी कार्यालय, त्याच्या साइटवर पाहिलं तर आम्ही पैसे दिले तेव्हा कंपनी जेमतेम पाच महिन्यांची होती, त्याच डायरेक्टरच्या आधीच्या दोन कंपन्या बंद झालेल्या. हे सगळं फुकट बघता येतं, आम्ही आधी पाहिलंच नव्हतं. नोंदणी रद्द करायचा अर्ज आला की ज्यांचं देणं आहे त्यांना हरकत घेता येते. आम्हाला कळेपर्यंत कंपनीचं नाव नोंदणीतून निघालं होतं. बँकेकडे पैसे परत मागितले तर ती म्हणाली, माल मिळालाय, त्यामुळे हा ग्राहक आणि व्यापाऱ्यातला वाद आहे.

सिटिझन्स अ‍ॅडव्हाइस या फुकट सल्ला देणाऱ्या संस्थेतल्या बाईंनी मग कलम ७५ समजावलं. १९७४ च्या ग्राहक कर्ज कायद्यानुसार १०० पौंडांच्या वर आणि ३०,००० पर्यंत किमतीच्या खरेदीत नुसती अनामत क्रेडिट कार्डाने भरली असली, तरी पूर्ण व्यवहारासाठी कार्ड कंपनीही जबाबदार असते. ७१० पौंडांच्या सुटीसाठी आम्ही ते संरक्षण सोडलं.

काम देणार असाल तर आतले बोर्ड लागण्याआधी भिंतीत काय भरलंय ते स्वतः बघा, फोटो काढा, आणि सर्टिफिकेट हातात पडेपर्यंत शेवटचा हप्ता देऊ नका. आमच्या कराराची प्रत आणि भिंतीचे फोटो कुणाला हवे असतील तर कळवा, पाठवते.