छुरपीची कांडी: शाकाहारी घरातील कुत्र्यासाठी चघळण्याची सोय

ज्या घरात हाडूक आणता येत नाही आणि चामड्याची कांडीही चालत नाही, त्या घरातील कुत्र्याने चघळायचे तरी काय, हा प्रश्न महाराष्ट्रातील अनेक श्वानपालकांना पडतो. चघळणे ही कुत्र्याची गरज आहे आणि ती भागली नाही, तर चपला, उशा आणि दाराची चौकट यांची धडगत राहत नाही. पाळीव प्राण्यांच्या दुकानांत आता सहज मिळणारी छुरपीची कांडी आम्ही आमच्या दहा किलो वजनाच्या गावठी कुत्रीला बऱ्याच काळापासून देत आहोत. काही अटी पाळायची तयारी असेल, तर ती अवश्य घ्यावी, असे माझे मत आहे.

छुरपी हे नेपाळ, सिक्कीम आणि दार्जिलिंगच्या डोंगराळ भागातील जुने खाद्य आहे. याक आणि गाय यांच्या संकरातून झालेल्या चौरीच्या किंवा साध्या गाईच्या दुधातील लोणी काढून घेतल्यावर उरलेले ताक तापवून फाडतात, चोथा फडक्यात बांधून दाबतात आणि त्याचे तुकडे चुलीच्या धुरावर किंवा हवेत इतके कडक वाळवतात, की एक तुकडा गालात धरून माणसे बराच वेळ चघळत राहतात. कुत्र्यांसाठीची कांडी म्हणजे याच छुरपीचा जाड कापलेला प्रकार होय. वेष्टनावरील घटकांत दूध, मीठ आणि लिंबाचा रस यांपलीकडे फारसे काही नसावे. रंग किंवा पीठ घातलेले दिसल्यास ती घेऊ नये. पाणी निथळून गेल्यामुळे तिच्यात दुधातील साखर फारच थोडी उरते, म्हणून साधे दूध न पचणाऱ्या बऱ्याच कुत्र्यांना ती सोसते. ज्यांना दुधातील प्रथिनांचीच ॲलर्जी आहे, त्यांना मात्र ती देऊ नये.

तिचा मोठा गुण असा, की कुत्रे तिच्यात रमते. लाळेने वरचा थर हळूहळू मऊ होतो आणि दातांनी खरवडला जातो. गालिच्यावर डाग पडत नाही, घरात वास सुटत नाही. चामड्याच्या कांडीचा गिळलेला मोठा तुकडा पोटात फुगून आतडे अडवू शकतो. शिजवलेले हाडूक फुटून त्याच्या अणकुचीदार ढलप्या होतात. त्या मानाने छुरपी पुष्कळ सुरक्षित आहे.

तिचा दोषही त्याच कडकपणात आहे आणि विक्रेते त्याविषयी क्वचितच बोलतात. कुत्रे कडक वस्तू जबड्याच्या बाजूने फोडायला जाते, तेव्हा वरच्या जबड्यातील चौथ्या उपदाढेचा कपचा उडू शकतो. ही इजा वेदनादायक असते आणि तिचा उपचारही खर्चिक असतो. अंगठ्याच्या नखाने दाबल्यावर जराही खूण उमटत नाही, ती वस्तू कुत्र्याच्या दातांना फार कडक समजावी, ही पशुवैद्यांची साधी कसोटी आहे आणि बहुतेक कांड्या तिच्यात नापास होतात. म्हणून खरवडत, चाटत खाणाऱ्या कुत्र्याला ती द्यावी. कडाकडा फोडणाऱ्या लॅब्रॉडॉरला, झिजलेल्या दातांच्या म्हाताऱ्या कुत्र्याला आणि दुधाचे दात पडत असलेल्या चार ते सहा महिन्यांच्या पिलाला देऊ नये.

आहाराचा हिशेबही ठेवावा लागतो. शंभर ग्रॅम छुरपीत सुमारे साडेतीनशे किलोकॅलरी असतात. दहा किलोच्या कुत्र्याची दिवसाची गरज साधारण सहाशे किलोकॅलरींच्या आसपास असते आणि खाऊचा वाटा तिच्या दहा टक्क्यांवर जाऊ नये, म्हणजे दिवसाला सतरा-अठरा ग्रॅमच छुरपी झाली. आम्ही कांडी देण्यापूर्वी आणि काढून घेतल्यावर वजनकाट्यावर ठेवतो आणि त्या प्रमाणात संध्याकाळचे जेवण कमी करतो. हा खटाटोप वाटेल; पण नसबंदी झालेल्या, घरात बसून राहणाऱ्या कुत्र्यांचे वजन पाहता तो करावाच.

कोकणात आणि मुंबईत पावसाळ्यात आणखी एक काळजी घ्यावी लागते. लाळेने ओली झालेली कांडी तशीच ठेवली, तर तिच्यावर बुरशी धरू शकते आणि बुरशी आलेल्या दुग्धजन्य पदार्थात कुत्र्याला झटके आणणारी विषे तयार होऊ शकतात. कांडी पुसून, पंख्याखाली वाळवून फ्रिजमध्ये ठेवावी. ठिपका दिसला, तर खरवडून वापरण्याचा मोह न धरता ती फेकून द्यावी.

घरात कोणी नसताना कुत्र्याला गुंतवण्यासाठी ही कांडी ठेवून जाणे मला मुळीच मान्य नाही. कांडी तोंडापेक्षा लांब असावी आणि शेवटचा तुकडा गिळण्याजोगा झाला की तो काढून घ्यावा, कारण तोच घशात अडकतो. तो वायाही जात नाही: थोडा वेळ पाण्यात भिजवून मायक्रोवेव्हमध्ये तीस ते साठ सेकंद ठेवला, की फुलून कुरकुरीत होतो. आतून तो फार तापलेला असतो, म्हणून पूर्ण निवल्यावरच द्यावा. कडक कांडी न पेलणाऱ्या म्हाताऱ्या कुत्र्यालाही हा फुललेला तुकडा मोडून देता येतो.