कार्पेटखालचा नमदा: १४ महिन्यांच्या वापरानंतर

गाडी चालते कशी, मायलेज किती, सस्पेन्शन कसं, यावर मला वेगळं काही सांगायचं नाही. १४ महिने झाले, २१ हजार किलोमीटर झाले, एकदाही रस्त्यात बंद पडली नाही. पण गेल्या पाच महिन्यांत याच गाडीसाठी मला तीनदा सर्व्हिस सेंटरला जावं लागलं आणि तिन्ही वेळा कारण एकच, आत येणारं पाणी. म्हणून हा अनुभव त्या पाण्याबद्दल आणि त्या काळात मिळालेल्या बदली गाड्यांबद्दल आहे. मॉडेल लिहीत नाही, कारण सनरूफ असलेल्या कुठल्याही गाडीत हे होऊ शकतं.

सुरुवात आईच्या मोज्यापासून झाली. रात्रभर पाऊस झाला होता. सकाळी ती शेजारच्या सीटवर बसली, दुखऱ्या टाचेसाठी बूट काढून ठेवला आणि म्हणाली, "अगं, इथे काही सांडलंय का?" रबरी मॅट कोरडी होती. मॅट उचलली तर खालचं कार्पेट डॅशबोर्डाच्या बाजूने ओलं. मी फडक्याने टिपलं, खिडक्या जरा उघड्या ठेवून गाडी उन्हात लावली आणि संध्याकाळी हात लावून बघितला. कोरडं वाटलं. मीही विषय सोडून दिला. ही माझी पहिली चूक. कार्पेटच्या खाली जाड नमदा, म्हणजे दाबून बनवलेल्या तंतूंचा थर असतो, काही गाड्यांत फोम असतो, आणि तो स्पंजासारखं पाणी धरून ठेवतो. वरचा थर तासाभरात वाळतो, खालचा आठवडा आठवडा वाळत नाही. ओल तशीच राहिली तर एक-दोन दिवसांत बुरशी धरायला लागते. आपण मात्र वरून हात फिरवून समाधान मानतो.

पुढच्या पावसात पुन्हा तेच झालं, म्हणून गाडी नेली. सर्व्हिस अॅडव्हायझरचं पहिलं वाक्य, "मॅडम, खिडकी उघडी राहिली असेल." मी शांतपणे सांगितलं की नाही राहिली. त्याने जॉब कार्डावर, म्हणजे तक्रार आणि केलेलं काम नोंदवायच्या कागदावर, तक्रार म्हणून "पाणी गळती, तपासणे" एवढंच लिहिलं आणि दोन दिवसांसाठी बदली गाडी दिली. लहान हॅचबॅक होती, क्लच जड, सीटला सिगरेटचा वास. तरी बदली गाडी मिळाली याचंच मला तेव्हा अप्रूप वाटलं. घाईत सही केली, गाडीभोवती फेरी मारली नाही, फोटो काढले नाहीत. परत देताना तिथल्या माणसाने मागच्या चाकाच्या रिमवरची खरवड दाखवली आणि ही तुमच्याकडून झाली म्हणाला. माझ्याकडे पुरावा काहीच नव्हता. अर्धा तास वाद झाला. शेवटी त्यांच्याच जुन्या कागदावर त्या खरवडीची नोंद सापडली म्हणून सुटले. ती सापडली नसती तर नुकसानीची जी पहिली रक्कम ग्राहकाने भरायची असं करारात असतं, ती माझ्या गळ्यात पडली असती. करारातली ती ओळ मी त्या दिवशी पहिल्यांदा वाचली.

तेव्हापासून बदली गाडी घेताना मी चारी बाजूंनी व्हिडिओ काढते. चारही चाकं, विंडशील्ड, छत, किलोमीटर आणि इंधनाचा काटा, सगळं त्यात येतं. इंधनाचं जरा जास्त सांगते, कारण मला फुकट गेलेला थेंबही सहन होत नाही. डिजिटल काट्यावर सात-आठ पट्ट्या असतात आणि एका पट्टीत बऱ्याच लिटरचा फरक लपतो. पट्टी नुकतीच विझायच्या बेतात असलेली गाडी तुम्हाला मिळाली तर दोन किलोमीटरमध्ये ती विझते आणि पूर्ण पट्टीभर इंधन तुमच्या नावावर चढतं. त्यामुळे आता मी काट्यासोबत "उरलेलं अंतर" दाखवणाऱ्या आकड्याचाही फोटो घेते आणि त्यांच्या माणसाला तो तिथेच दाखवते.

पहिल्या खेपेला त्यांनी काय केलं? सनरूफच्या नळ्या हवेने साफ केल्या. हे नीट सांगायला हवं, कारण पुढचं सगळं रामायण यातूनच घडलं. सनरूफच्या काचेभोवतीचं रबर सगळं पाणी अडवत नाही, तशी रचनाच नसते. थोडं पाणी आत येतं, काचेखालच्या पन्हाळीत पडतं आणि पन्हाळीच्या कोपऱ्यांतल्या नळ्यांमधून बाहेर जातं. पुढच्या नळ्या विंडशील्डच्या दोन बाजूंच्या खांबांमधून उतरतात, मागच्या नळ्या मागच्या खांबांमधून. धूळ, पानांचा चुरा, झाडाचा चीक साचून नळी तुंबली की पन्हाळ भरते आणि पाणी छताच्या अस्तराकडे किंवा खांबातून खाली पायांपाशी येतं. माझी पुढची एक नळी तुंबलेलीच होती, निदान बरोबर होतं. पण त्यांनी कॉम्प्रेसरची हवा जोरात मारली. हे मला नंतर कळलं. जोराच्या हवेने तुंबलेली नळी साफ होते किंवा आतल्या आत जोडावरून निसटते. निसटली तर बाहेरून काही दिसत नाही.

तीन आठवडे पाऊस नव्हता, म्हणून मला वाटलं प्रश्न मिटला. मग दोन गोष्टी एकदम सुरू झाल्या. सकाळी काचा आतून धुरकट व्हायला लागल्या आणि एसी लावला की ओल्या गोणपाटासारखा वास यायचा. मी गाडी घेऊन गेले, जरा चढ्या आवाजातच बोलले. या वेळी त्यांचं निदान बदललं: एसीच्या पाण्याची नळी तुंबली असेल. हेही अगदीच चुकीचं म्हणता येणार नाही. एसी चालताना डॅशबोर्डाच्या आत पाणी जमतं आणि ते एका नळीने गाडीखाली टपकतं. ती तुंबली तर पाणी नेमकं त्याच जागी येतं. पण ओळखायची खूण सोपी आहे. एसीचं पाणी एसी चालवल्यावर येतं, पावसाचं पाणी पाऊस पडल्यावर. पाणी चिकट असेल, गोडसर वास असेल, विंडशील्डवर आतून तेलकट थर येत असेल आणि कूलंटची (इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाची) पातळी घटत असेल, तर ते हीटरमधून गळणारं कूलंट असतं. तिथे थांबायचं नाही, लगेच गाडी दाखवायची. माझं पाणी स्वच्छ होतं, बिनवासाचं होतं आणि त्या आठवड्यात मी एसी फारसा लावलाच नव्हता. मी हे सांगितलं. जॉब कार्डावर तरी "एसी ड्रेन साफ" असंच आलं.

दुसरी बदली गाडी मात्र मनापासून आवडली. ऑटोमॅटिक, सनरूफ नाही, डिकी प्रशस्त. आई त्यात बसली आणि पाय पसरून म्हणाली, "हीच ठेवून घे." सहा दिवस ती माझ्याकडे होती. इथे माझी दुसरी चूक झाली. हाताशी चांगली गाडी असल्यामुळे मी चार दिवस सर्व्हिस सेंटरला फोनच केला नाही. माझी अडचण होत नव्हती, म्हणून त्यांना घाई नव्हती, आणि त्यांना घाई नव्हती हे मला कळतही नव्हतं. सहाव्या दिवशी फोन आला, "मॅडम, तुमची गाडी तयार आहे, बदली गाडी आज सहाच्या आत हवी, दुसऱ्या ग्राहकाला द्यायची आहे." मी धावतपळत गेले. गाडी धुतलेली, कार्पेटवर व्हॅक्यूमच्या रेघा, आत परफ्यूमचा वास. बिलात "इंटिरियर क्लीनिंग" म्हणून वेगळी रक्कम लावली होती. त्यांच्याच कामाच्या मध्यात केलेल्या सफाईचे पैसे मी का द्यायचे, म्हणून ती रक्कम काढायला लावली, आणि त्या विजयाच्या भरात कार्पेटखाली हात घालायचा राहून गेला.

दोन दिवसांत परफ्यूम उडाला आणि गोणपाटाचा वास परत आला. या वेळी मी स्वतः बघितलं. दाराच्या उंबऱ्यावरची प्लास्टिकची पट्टी बहुतेक गाड्यांत क्लिपांवर बसवलेली असते, सरळ वर ओढली की निघते. ती काढून कार्पेटची कड उचलली आणि चार बोटं आत सरकवली. नमदा थंडगार आणि जड लागला. बोटं दाबली तशी नखांच्या कडेने पाणी वर आलं. वरचं कार्पेट पूर्ण कोरडं होतं.

मग मी एक साधी चाचणी केली. शेजारच्या सीटपुढे वर्तमानपत्राचे कागद अंथरले, विंडशील्डच्या बाजूच्या खांबाच्या आवरणाला खालच्या टोकाशी टाल्कम पावडर चोळली आणि एसी तीन दिवस बंद ठेवला. तिसऱ्या रात्री पाऊस झाला. सकाळी पावडरीतून एक बारीक ओघळ खाली गेलेला होता, बोटाच्या जाडीपेक्षाही कमी. दाराच्या बाजूचे कागद कोरडे होते, त्यामुळे दाराच्या आतला पडदा फाटल्याची शंकाही मिटली. काचेच्या फटीतून दारात पाणी जातच असतं आणि खालच्या भोकांतून निघून जातं. केबिनच्या बाजूने ते एक चिकटवलेला पडदा अडवतो, आणि स्पीकर बदलताना तो फाटला की उंबऱ्यावर पाणी येतं. ओघळाचे फोटो काढले. खांबाचं आवरण मात्र मी स्वतः उघडलं नाही आणि कुणी उघडू नये. तिथे पडदा-एअरबॅग, म्हणजे अपघातात खिडक्यांवर पडद्यासारखी फुगणारी एअरबॅग असू शकते.

त्याच आठवड्यात डॅशबोर्डावर एअरबॅगचा दिवा लागला. सीटखालून जाणारी एअरबॅगची वायर, तिचा पिवळा जोड, आणि तो जोड ओल्या नमद्याला टेकलेला. इथे माझा सूर बदलला. तोवर मी हे वासाचं आणि गैरसोयीचं प्रकरण समजत होते. एअरबॅगचा दिवा लागलेला असेल तर अपघातात ती उघडेलच याची खात्री देता येत नाही, आणि त्या सीटवर माझी आई बसते.

तिसऱ्या खेपेला मी चाव्या देण्याआधी जॉब कार्डावर माझ्या शब्दांत लिहून घेतलं: पुढच्या सीट काढणे, कार्पेट उचलणे, पाण्याची चाचणी माझ्यासमोर करणे, नमद्याखालच्या जोडांची तपासणी करणे. अॅडव्हायझरने इतकं कशाला म्हणून पाहिलं, पण लिहिलं. चाचणीची पद्धत त्यांच्या एका वयस्कर कारागिराने दाखवली आणि त्याचं मला मनापासून कौतुक आहे. प्रेशर वॉशर बाजूला ठेवायला लावला, कारण त्या जोराचं पाणी पाऊस कधी जाणार नाही तिथेही घुसतं. साध्या नळाचं पाणी खालून सुरू केलं. आधी दाराचा तळ, मग विंडशील्डखालची जाळी, मग काचेची कड, शेवटी छत. एकेका जागी पाच-सात मिनिटं. आत दुसरा मुलगा टॉर्च घेऊन बसलेला. वरून सुरू केलं असतं तर सगळीकडेच पाणी ओघळलं असतं आणि काहीच कळलं नसतं. सनरूफच्या पन्हाळीत पाणी सोडल्यावर आतून आवाज आला, "आलं!" आवरण काढलं. नळी स्वच्छ होती, पण वरच्या जोडावरून सुटून खांबात लोंबत होती. तिने बाहेर न्यायचं पाणी पाच महिन्यांतला बराच काळ सरळ नमद्यात गेलं होतं.

त्यांनी नमदा बाहेर काढून बादलीत पिळला. बादलीवरच्या खुणेप्रमाणे साडेतीन लिटर, म्हणजे साडेतीन किलोचं ओझं मी रोज फिरवत होते. खालच्या पत्र्यावर एका वेल्डिंगपाशी गंजाचा तांबूस ठिपका होता. तो घासून, रंगवून घेतला.

नंतर वॉरंटीचा वाद झाला. त्यांचं म्हणणं, नळी तुंबणं ही देखभालीची बाब, वॉरंटीत येत नाही. इतपत मलाही पटतं, नळ्या साफ ठेवणं मालकाचंच काम आहे. पण नळी सुटली ती हवा मारल्यावर, आणि हवा मारल्याची नोंद त्यांच्याच पहिल्या जॉब कार्डावर होती. ती मी जपून ठेवली होती. कागदपत्रं जपायची माझी सवय घरात सगळ्यांना जाचक वाटते, त्या दिवशी तिनेच काम केलं. नमदा कार्पेटला चिकटवलेला येत असल्याने पूर्ण कार्पेट मागवावं लागलं. ते नवीन, माझ्याकडून काहीही न घेता बसवलं. आधी "वाळवून देतो" म्हणत होते. मी नाही म्हटलं. बुरशी धरलेला नमदा वाळला तरी पुढच्या दमट दिवशी वास परत येतो.

सुटं कार्पेट यायला वेळ लागला, त्यामुळे तिसरी बदली गाडी नऊ दिवस होती. या वेळी मी रोज सकाळी दहाला फोन केला. पाचव्या दिवशी पुन्हा "बदली गाडी परत द्या, तुमची आजच होईल" असं झालं. मी सांगितलं, माझ्या गाडीत कार्पेटखाली हात घालीन आणि मगच ही चावी देईन. आवाज चढवला नाही. त्यांनी मुदत वाढवून दिली. नवव्या दिवशी गेले, पट्टी काढली, हात घातला. कोरडा, नवा, जरा खरखरीत नमदा. मग चावी दिली.

पाच महिन्यांपूर्वी मी या गाडीला सरळ नापास केलं असतं. आता माझा राग रचनेवर कमी आणि पहिल्या दिवशीच्या त्या हवेवर जास्त आहे. सनरूफ मात्र पुढच्या गाडीत घेणार नाही, चार नळ्यांची राखण करण्याइतका त्याचा उपयोग मला होत नाही. या गाडीत आहे तोवर दर दोन-तीन महिन्यांनी पन्हाळ ओल्या फडक्याने पुसते, कोपऱ्यात कपभर पाणी हळू ओतते आणि ते गाडीखाली टपकतंय का बघते. कमी टपकलं तर गवत कापायच्या यंत्राची नायलॉनची दोरी हलक्या हाताने आत सरकवते. हवा मारत नाही.

एक काम अजून बाकी आहे. सीटखालच्या पिवळ्या जोडातल्या पिना त्यांनी साफ केल्या, दिवा गेला, पण एका पिनेवर हिरवट डाग राहिलाय. जोड बदलून देऊ असं जॉब कार्डावर लिहून दिलंय, सुटा भाग यायचाय. तोवर आई मागच्या सीटवर बसते.