केएलआर ६५० चार वर्षं वापरल्यावर

लोक बाइक बघून विचारतात, साडेसहाशे सीसी म्हणजे जाम पळत असेल ना? नाही पळत. कावासाकी केएलआर ६५० मध्ये ते सगळे सीसी एकाच सिलेंडरमध्ये आहेत, १०० मिमीचा पिस्टन, म्हणजे आमटीच्या वाटीएवढा, आणि तो खालीवर होतोय हे हँडलला, सीटला, फूटरेस्टला सगळीकडे कळतं. शंभरच्या आसपास मजेत चालते, त्याच्या वर दामटली की आरशात मागची गाडी आहे की ट्रक हेच समजत नाही. पण चढावर, खडीवर, खराब रस्त्यावर खालच्या आरपीएमला जो ओढा मिळतो ना, त्यासाठी बाकी सगळं माफ.

माझी २००५ ची, सेकंडहँड, कार्ब्युरेटरवाली. १९८७ ते २००७ हे मॉडेल फारसं बदललंच नाही, २००८ ला फेअरिंग (बाहेरचं प्लास्टिकचं आवरण) आणि सस्पेन्शन बदललं, आणि फ्युएल इंजेक्शन यायला थेट २०२२ चं मॉडेल उजाडलं. याचा फायदा असा की या बाइकला काय होऊ शकतं ते सगळं आधीच कुणाला तरी होऊन गेलेलं असतं.

त्यातलं सगळ्यात गाजलेलं म्हणजे डूहिकी. हे काय नाव आहे मला विचारू नका, मालक लोक तेच म्हणतात. तर एवढा मोठा एकच पिस्टन असल्यामुळे व्हायब्रेशन मारायला इंजिनात बॅलन्सर आहेत, ते एका चेनवर फिरतात, आणि ती चेन ताणून धरायला एक छोटा लिव्हर (हीच ती डूहिकी) आणि स्प्रिंग. जुन्या मॉडेलमधला लिव्हर वेल्ड केलेला, तो तुटायचा, आणि स्प्रिंग तुटायची किंवा चेन झिजत गेली की तिच्यात ताणच उरायचा नाही. २००८ ला लिव्हर बदलला तरी स्प्रिंगची तक्रार चालूच राहिली. आता गंमत बघा, मॅन्युअलप्रमाणे बाहेरून बोल्ट सैल करायचा, स्प्रिंग आपोआप ताण घेते, मग बोल्ट परत आवळायचा. पण आत स्प्रिंगच मेलेली असेल तर ताण घेणार कोण? तुम्ही आपले सर्व्हिस केली म्हणून खूष. म्हणून मी घेतल्या घेतल्या डावं कव्हर उघडून मजबूत लिव्हर आणि वेगळी स्प्रिंग बसवून टाकली. आतला रोटर (मॅग्नेटचं चाक) काढायला पुलर, म्हणजे खेचून काढायचं हत्यार, लागतोच, हातोडी-छिन्नीने प्रयत्न करू नका. एक सुट्टीचा दिवस गेला पण झोप शांत लागते.

दुसरं टॅपेट, म्हणजे इंजिनातले व्हॉल्व्ह आणि त्यांना दाबणारा कॅम यांच्यातला गॅप. घेतल्यावर एका गॅरेजमध्ये दाखवली होती, तर त्याने कान लावून सांगितलं, आवाज अजिबात नाही, टॅपेट मस्त आहेत. अरे बाबा, या इंजिनात उलटं असतं! व्हॉल्व्ह झिजून वर सरकतात आणि गॅप कमी होत जातो, त्यामुळे थोडी टकटक करणारी बाइक परवडली, गप्प झालेली नको. सकाळी थंड स्टार्टला कुरकुर करायला लागली तेव्हा मीच टाकी उतरवून फिलर गेज (गॅप मोजायच्या पातळ पट्ट्या) घातलं, तर एका एक्झॉस्ट व्हॉल्व्हला ०.१० मिमी निघाला. पाहिजे ०.१५ ते ०.२५, इनटेकला ०.१० ते ०.२०, आणि हे इंजिन पूर्ण गार असताना. मोजणं सोपंय, बदलणं जरा किचकट, कारण शिम (गॅप ठरवणाऱ्या छोट्या चकत्या) बकेटच्या, म्हणजे व्हॉल्व्हवरच्या टोपीच्या, खाली असतात म्हणजे कॅमशाफ्ट (कॅम असलेले दांडे) काढावेच लागतात. आधी कॅम चेनचा टेन्शनर काढा, ती चेन तारेने वर बांधून ठेवा, चेनच्या भोकात फडकं कोंबा (एक बोल्ट आत पडला की कळतं फडकं का कोंबायचं). ०.१० पातळ शिम घातली, गॅप ०.२० झाला, दुसऱ्या दिवशी पहिल्या बटणाला चालू. आता दहा-बारा हजार किमीला बघतोच.

हे सगळं नकोच असेल तर सुझुकीची डीआर ६५० बघा, ६४४ सीसी, एअर आणि ऑइल कूल्ड, टॅपेटला साधा स्क्रू आणि नट, अर्ध्या तासात काम. वजनालाही हलकी. पण टाकी १३ लिटरची आणि माझी २३ ची, आणि मला लांब जायचं असतं. अर्थात फुल टाकी असताना पडली की उचलताना या २३ लिटरचं कौतुक संपतं, आणि सीट जमिनीपासून ८९ सेंमी त्यामुळे पडते, थांबताना जास्त.

ऑइल दर टाकीला बघा, बाइक सरळ उभी धरून, साइड स्टँडवर इंजिनावरच्या ऑइलच्या काचेत काही दिसत नाही. जेमतेम अडीच लिटर ऑइल असतं, त्यातलं अर्धा लिटर गेलं तरी बरंच झालं. ड्रेन बोल्ट जोर लावून आवळू नका, केसिंग अ‍ॅल्युमिनियमचं आहे, मी पहिल्याच वेळी आटे घालवले आणि मग हेलिकॉइल (नवे आटे देणारी तारेची गुंडाळी) बसवत बसलो, दोष शंभर टक्के माझ्या हाताचा.

ट्यूबचे टायर आहेत, पुढे २१ मागे १७ इंच. मी जवळ २१ ची एकच ट्यूब ठेवतो, अडीअडचणीला ती मागेही कोंबता येते. मागचा टायर रिमपासून सोडवताना मात्र घाम निघतो, आणि परत बसवताना टायर लिव्हरने नवी ट्यूब चिमटून परत पंक्चर, हे दोनदा झालंय.

पुढचं स्प्रॉकेट (चेनचं दातेरी चाक) १५ दातांचं येतं, मी हायवेला १६ लावतो, बाइक जरा शांत होते. ब्रेक बिचारे आहेत, अंतर ठेवून चालवा. सीट दोन तासांनंतर दगड. ती तेवढी अजून बदलायची राहिलीये.