43 इंची टीव्ही आणि शिलाईची टेप

मी सांगलीच्या मार्केट यार्डात एका अडत दुकानात दिवाणजी आहे. हळदीच्या सौद्यात उभं राहून बरीच वर्षं झाली. हळकुंड हातात आलं की आधी मोडून बघायचं, आतला रंग बघायचा, ओल बघायची. वरच्या पिवळेपणावर जायचं नाही, तो पॉलिशचा असतो. दुकानात नवीन आलेल्या पोरांना हे मीच शिकवतो. आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं वाचून "एवढंपण कळलं नाही का?" असं तुम्ही म्हणणारच. घरात ते रोज ऐकतो.

घर गावभागात, तळमजल्यावर. 2019 च्या ऑगस्टमध्ये कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी 57 फुटांच्या वर गेलं, तेव्हा आमच्या घरात छातीएवढं होतं. जुना डबा टीव्ही त्यात गेला. तो माळ्यावर चढवायला दोन माणसं लागायची आणि तेवढा वेळ नदीनं दिला नाही. 2021 च्या जुलैत परत तेच. तेव्हा ठरवलं, टीव्ही घ्यायचा तर भिंतीवरचा, पुराच्या खुणेच्या वर टांगता येईल आणि वेळ आली तर एकट्याला काढून नेता येईल असा. ठरवलं, पण घेतला नाही. दोन वर्षं फोनवर भागवलं. 2023 ला क्रिकेटचा विश्वचषक आपल्याकडं आला आणि पोरानं टुमणं लावलं.

पेठेतल्या दोन दुकानांत चौकशी केली. नावाजलेल्या कंपनीचा 43 इंची फोरके, म्हणजे जास्त बारीक चित्राचा टीव्ही 27-28 हजारांच्या खाली कुणी देईना. माझी तयारी विसाची. त्याच आठवड्यात गल्लीत रिक्षा फिरली. "फक्त तीन दिवस! कंपनीचा शिल्लक माल! 50 हजारांचा टीव्ही निम्म्याहून कमी किमतीत!" विश्रामबागच्या बाजूला एका हॉलमध्ये सेल लागला होता. आधल्या आठवड्यात तिथं कुणाचं तरी बारसं होतं, त्याच्या पताका अजून वर लटकत होत्या.

22 ऑक्टोबर, दसऱ्याच्या आधीचा रविवार. हॉलमध्ये ही गर्दी. भिंतीला ओळीनं पंधरा-वीस टीव्ही लावलेले, आणि सगळ्यांवर एकच चित्रफीत चालू: मोर पिसारा फुलवतोय, धबधबा पडतोय, सोललेल्या संत्र्यातून रस उडतोय. आठ-दहा फुटांवर दोरी बांधलेली. दोरीच्या अलीकडून मोराच्या पिसाचा धागा न् धागा दिसतोय असं वाटत होतं. आता कळतंय की असल्या भडक रंगांच्या, सावकाश फिरणाऱ्या चित्रफितीत कुठलाही पडदा चांगलाच दिसतो. खरी परीक्षा बारीक अक्षरांची. जवळ जाऊन बातम्यांच्या खालची पट्टी वाचायची, यूट्यूबच्या शोधखान्यात चार शब्द टाकून त्यांच्या कडा बघायच्या. दोरी त्यासाठीच होती. मला वाटलं, लहान पोरं हात लावतील म्हणून असेल.

विकणारा पोरगा गोड बोलायचा. बायकोला वहिनी, मला साहेब. खोक्यावर मोठ्या अक्षरांत "फोरके सपोर्ट", "43 इंची क्लास", "अँड्रॉइड स्मार्ट" आणि छापील किंमत 49,990. कंपनीचं नाव एका मोठ्या कंपनीच्या नावाच्या इतकं जवळचं की एक अक्षर इकडचं तिकडं. मी विचारलंसुद्धा, "ही तीच कंपनी का?" तो म्हणाला, "साहेब, त्यांच्याच ग्रुपची." आता हे लिहिताना माझंच मला हसू येतंय. हळदीच्या जातीबद्दल असं कुणी म्हणालं असतं, "राजापुरीच आहे, फक्त गाव वेगळं", तर मी पोतं उघडायच्या आधीच त्याला चहा पाजून वाटेला लावलं असतं.

भाव 18,500 वर तुटला. मी म्हटलं, पक्कं बिल द्या.

"बिल देतो की. पण 32 इंचीच्या वरच्या टीव्हीला 28 टक्के जीएसटी हाय. 5,180 वर पडतील. 23,680 होतील बघा. वॉरंटी कार्डावर शिक्का मारून देतोय, मग बिलाचं काय लोणचं घालणार?"

खरा फसलो तो इथं. टक्केवारी त्यानं खरी सांगितली होती. तेव्हा 32 इंचीपर्यंत 18 आणि त्याच्या वर 28 टक्केच होता. आकडा खरा म्हटल्यावर मला माणूसही खरा वाटला. पण छापील किमतीत सगळे कर धरलेलेच असतात. 50 हजार छापलेली वस्तू साडेअठराला देतोय म्हणणाऱ्यानं वर कर मागायचा कशाला, हे डोक्यात यायला पाहिजे होतं. शेतकऱ्याला हिशोबपट्टी दिल्याशिवाय मी एक पोतं हलू देत नाही, आणि स्वतःचे 18,500 एका गुलाबी चिठ्ठीवर देऊन आलो. वर "एस्टिमेट" छापलेलं, दुकानाचं नाव नाही, पत्ता नाही, खाली एक वळणदार सही. हजार रुपये आगाऊ फोनवरून दिले होते, बाकीचे रोख. "मशीनला रेंज नाही साहेब."

टीव्ही घरी आला. खुणेच्या वर टांगला. ब्रॅकेटचे 500 वेगळे. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार घातला, फोटो काढून बहिणीला पाठवला.

मग एकेक कळायला लागलं. रिमोटवर सगळ्या ॲपची बटणं होती, पण निम्मी दाबल्यावर नुसता कोरा पडदा. ॲप उघडलं तरी आत फिरायला रिमोटनं माऊससारखा बाण सरकवावा लागायचा. पोराच्या मित्रानं बघताक्षणी सांगितलं की ही टीव्हीची अँड्रॉइड प्रणाली नाहीच, फोनचीच टीव्हीवर ताणून बसवलीय. अधिकृत नसल्यामुळं सिनेमाची मोठी ॲप चालली तरी चित्र कमी दर्जाचंच देतात, त्यांना यंत्राची खात्री पटत नाही म्हणून. मी म्हटलं, असू दे, आपल्याला बातम्या आणि क्रिकेट बघायचंय.

बायको घरी ब्लाउज शिवते. दिवाळीच्या आधी तिनं टीव्हीला कव्हर शिवायला घेतलं, धूळ बसू नये म्हणून. टेप लावली आणि हाक मारली, "अहो, हा 43 चा कुठनं?" मी शहाणपणा केला. म्हटलं, टीव्ही लांबी-रुंदीनं मोजत नाहीत, कोपऱ्यापासून तिरक्या कोपऱ्यापर्यंत मोजतात. तिनं तशी टेप लावली. पडदा साडेएकोणचाळीस. चौकट धरून मोजलं तरी 41 च्या पुढं टेप जाईना. ही काही बोलली नाही. ब्लाउजच्या मापात अर्धा इंच चुकला तर गिऱ्हाईक पुन्हा दारात येत नाही, तिला साडेतीन इंचांची किंमत माझ्यापेक्षा जास्त कळते. खरा 43 इंची म्हणजे 109 सेंटिमीटर, आमचा शंभरच. मी मात्र स्वतःची समजूत काढली की "क्लास" म्हटलंय म्हणजे तेवढं इकडं तिकडं चालत असेल.

15 नोव्हेंबरला भाऊबीज. बहीण आणि दाजी आले होते. संध्याकाळी ओवाळणी उरकली आणि सगळे टीव्हीपुढं बसले. वानखेडेवर न्यूझीलंडविरुद्ध उपांत्य सामना, कोहली शंभराच्या जवळ. आणि पडदा काळा झाला. आवाज चालूच. समालोचक ओरडतोय, मैदान ओरडतंय, शेजारच्या घरात फटाके वाजतायत, आणि आमच्या भिंतीवर काळी पाटी. एकदिवसीय सामन्यांतलं त्याचं पन्नासावं शतक आम्ही आकाशवाणीसारखं ऐकलं. दाजी फार सभ्य माणूस. ते एवढंच म्हणाले, "लाइट गेली नाही ना?" टीव्ही घेऊन 24 दिवस झाले होते.

वॉरंटी कार्डावरचा नंबर बंद. पत्ता पुण्यातला, तिथं राहणाऱ्या भाच्याला पाठवलं तर त्या गाळ्यात झेरॉक्सचं दुकान. हॉलवाल्यांकडं गेलो. त्यांनी सांगितलं, तीन दिवसांचं भाडं रोख आगाऊ दिलेलं, मंगळवारी पहाटे टेम्पो भरून गेले. पोलीस ठाण्यात अर्ज दिला. ग्राहक हेल्पलाइनच्या 1915 वर फोन केला, तिथल्या बाईंनी शांतपणे विचारलं, "विक्रेत्याचं नाव, पत्ता, बिल क्रमांक?" मी गुलाबी चिठ्ठीकडं बघत राहिलो. कायदा आपल्या बाजूचा आहे बरं का. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात बिल न देणं हीच अनुचित व्यापारी प्रथा धरलीय, पाच लाखांपर्यंतच्या खरेदीच्या तक्रारीला जिल्हा आयोगात फी लागत नाही आणि तक्रार करायला दोन वर्षं मिळतात. पण तक्रार करायची कुणावर? हजार रुपये ज्या नावावर गेले, ते नाव आणि तो व्यवहार अर्जाला जोडलाय. 17,500 तर दिल्याचा कागदच नाही.

शेवटी टीव्ही मिरजेच्या एका मेकॅनिककडं नेला. त्यानं चालू करून मोबाईलची बॅटरी पडद्यावर तिरकी धरली. आत पुसट, भुतासारखी बातमी देणारी बाई दिसली. "काका, चित्र हाय. उजेड गेलाय." मग त्यानं समजावलं. या पडद्याला स्वतःचा उजेड नसतो, मागं बारीक दिव्यांच्या पट्ट्या असतात. दिवे एकामागं एक जोडलेले, त्यातला एक गेला की सगळी पट्टी अंधारते. पाठ उघडली तर स्क्रूंच्या खाचा आधीच घासलेल्या. पट्ट्या दोन वेगवेगळ्या जातीच्या, कडेला चिकटपट्टीनं बसवलेल्या, आणि पॅनेलवरची तारीख टीव्हीपेक्षा कितीतरी जुनी. कुणाच्या तरी मोडीत गेलेल्या टीव्हीचं पॅनेल नव्या चौकटीत घातलं होतं. दुकानात भगभगीत दिसावं म्हणून दिव्यांना झेपत नाही तेवढा करंट दिलेला.

"आणि हा फोरके नव्हं," तो म्हणाला.

"खोक्यावर लिहिलंय."

"खोकं आणा."

दुसऱ्या दिवशी नेलं. खोक्याच्या बुडाकडच्या बाजूला, तांदळाच्या दाण्याएवढ्या अक्षरांत छापलं होतं: डिस्प्ले रिझोल्यूशन 1366×768. फोरके म्हणजे 3840×2160. गुणाकार मी तिथंच चिठ्ठीवर केला. फोरकेचे ठिपके जवळजवळ 83 लाख, आमचे साडेदहा लाख. आठवा हिस्सा. "फोरके सपोर्ट" म्हणजे काय, तर फोरके चित्रफीत दिली तर ती नाकारणार नाही, स्वतःच्या साडेदहा लाखांत कोंबून दाखवेल. त्या पोराच्या तोंडचं "त्यांच्याच ग्रुपची" सोडलं तर खोक्यावरच्या कुठल्या शब्दाला खोटा म्हणून धरणार? सपोर्ट, क्लास, स्मार्ट. आपणच त्यात आपल्याला हवा तो अर्थ भरायचा. त्या रात्री 18,500 पेक्षा हेच जास्त टोचलं.

पट्ट्या बदलायचे अठराशे झाले असते. पॅनेल बदलायचं म्हटलं तर जवळपास नव्या टीव्हीची किंमत. मी पट्ट्या बदलल्या नाहीत.

नंतर पाच महिन्यांनी पेठेतल्या दुकानातून 32 इंची घेतला. दुकानदार वैतागला असेल, पण मी आधी पाठीवरचं स्टिकर वाचलं. मॉडेल, रिझोल्यूशन आणि भारतीय मानक ब्युरोच्या खुणेखालचा "आर" पासून सुरू होणारा आठ आकडी नोंदणी क्रमांक. हा क्रमांक ब्युरोच्याच बीआयएस केअर ॲपमध्ये टाकला की कुठल्या कंपनीच्या कुठल्या वस्तूला तो दिलाय ते निघतं. जुन्या टीव्हीवरचा टाकून बघितला होता, नोंदच सापडली नाही. मग बिल. त्यावर 27 पासून सुरू होणारा पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक, मॉडेल आणि टीव्हीच्या पाठीवर असतो तोच अनुक्रमांक. हेही फक्त 1366×768 चंच पॅनेल आहे. पण दुकानदारानं तोंडानं तसं सांगितलं, आणि खोलीत आम्ही बसतो तेवढ्या अंतरावरून बातम्यांची पट्टी व्यवस्थित वाचता येते. मुळात आमच्या खोलीला 43 लागतच नव्हता, हे कबूल करायला मला अजून जड जातं.

गेल्या दिवाळीच्या तोंडावर परत रिक्षा आली. आवाजही तसाच. सप्टेंबर 2025 पासून मोठ्या टीव्हीचा कर 28 वरून 18 वर आलाय, ते यांना आपल्या आधी कळतं. "बिल नको असेल तर 18 टक्के वाचवा" असं कर्ण्यावरून उघड ओरडत होते. शेजारचे अण्णा पिशवी घेऊन निघालेले. म्हणाले, "दिवाणजी, येताय का? नुसतं बघून येऊ."

मी काही बोलायच्या आत हिनं मशीनवरची टेप काढून त्यांच्या हातात दिली. "अण्णा, तिरकी लावायची. कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. आणि दोरी असली तर दोरीखालून जावा."

अण्णा तासाभरात रिकाम्या हातानं आले. दोरीखालून गेल्यावर म्हणे दोघं-तिघं अंगावर धावून आले आणि त्या गडबडीत टेप तिथंच राहिली. दोन ब्लाउज खोळंबलेले, म्हणून नवी टेप आणायला हिनं मलाच पेठेत पाठवलं. बिलासकट.