गुजरीतलं सोनारी हत्यारांचं दुकान: युद्धनौकेची मॉडेल करणाऱ्याचा रिव्ह्यू

आधीच सांगतो, हा सोन्याचा रिव्ह्यू नाही. गेली चार वर्षं महिन्या-दीड महिन्यानं कोल्हापूरच्या गुजरीत, म्हणजे सराफ गल्लीत जातोय आणि आजपर्यंत गुंजभर सोनं घेतलेलं नाही, त्याबद्दल घरी काय काय ऐकून घ्यावं लागतं ते इथं लिहीत बसत नाही. मी जातो ते सोनारांना हत्यारं विकणाऱ्या एका चिंचोळ्या दुकानात, आणि तिथनं जे आणतो ते सगळं युद्धनौकांच्या मॉडेलसाठी, म्हणजे प्लास्टिकच्या किटमधनं जोडायच्या वीतभर-हातभर लांबीच्या बोटी. कोल्हापुरात समुद्र नाही, बंदर नाही, बोट म्हणली की रंकाळ्यातली, तरी हा नाद लागला तो लागलाच.

कोल्हापुरात मॉडेलिंगची हत्यारं कुठं मिळतात असं मला सारखं कोण ना कोण विचारतं, त्यांच्यासाठी एकदाच सविस्तर लिहितोय. दुकानाचं नाव टाकत नाही, दुकानदार काकांना विचारलेलं नाही. महाद्वार रोडकडनं गुजरीत शिरा आणि कुठल्याही कारागिराला हत्यारांचं दुकान कुठाय विचारा, तो हात करेल. गाडी बिंदू चौकातच लावा आणि चालत या. नवरात्रात तर तिकडं फिरकूच नका, आणि धनत्रयोदशीच्या आधीचे आठ दिवस पण नको, काकांना मान वर करायला वेळ नसतो.

आता सोनाराच्या दुकानात बोटवाल्याचं काय काम? तर बघा, माझ्या हातात सध्या आहे 1/600 स्केलचं, म्हणजे खऱ्या बोटीच्या सहाशेव्या हिश्शाएवढं, एक जुन्या साच्याचं किट, ब्रिटिश क्रूझर अजॅक्सचं. मला अजॅक्स नकोय, मला करायचीय आपली आयएनएस दिल्ली. अजॅक्स आणि अकिलीज या दोघी लिअँडर क्लासच्या, म्हणजे एकाच आराखड्याच्या बहिणी, 13 डिसेंबर 1939 ला रिव्हर प्लेटच्या लढाईत एक्झेटर या तिसऱ्या ब्रिटिश क्रूझरला बरोबर घेऊन दोघींनी जर्मनांच्या ग्राफ श्पे या युद्धनौकेला असं धरलं की ती माँटेव्हिडिओ बंदरात जाऊन लपली आणि 17 तारखेला तिच्याच कॅप्टननं तिला बुडवली. त्यातली अकिलीज, जिच्यावर न्यूझीलंडची पोरं होती, ती 1948 साली आपण घेतली आणि तिची दिल्ली झाली. 1950 मध्ये नेहरू इंडोनेशियाला गेले ते हिच्यातनं, 1961 ला गोवामुक्तीच्या वेळी दीवसमोर हिच्याच तोफा वाजल्या, आणि 1978 साली भंगारात गेली. एवढा इतिहास असलेली बोट माझ्या कपाटात नाही म्हणजे काय राव.

बदल करायचे तर मोठा बदल हा की मूळ चार टरेट, टरेट म्हणजे दोन-दोन तोफांचा फिरता बुरूज, त्यातला मागच्या बाजूचा वरचा टरेट युद्धातच 1943-44 च्या दुरुस्तीत काढून टाकला होता. म्हणजे दिल्लीवर तीन टरेट, सहा तोफा. विमान उडवायचं कॅटापल्ट पण नाही. हे काढायचं काम सोपं, खरी गंमत उरलेल्या सहा तोफांत आहे. किटमधल्या तोफा म्हणजे अक्षरशः उदबत्तीच्या काड्या, पुढं भोक पण नाही.

मी आधी उद्यमनगरला गेलो होतो. आपल्याकडं अख्ख्या देशाला ऑइल इंजिनं आणि कास्टिंग पुरवणारी माणसं आहेत म्हणल्यावर पितळेची अर्ध्या इंचाची तोफ काय अवघड, असं मला वाटलेलं. लेथवाल्या मामांना ड्रॉइंग दाखवलं, त्यांनी चष्मा वर केला, पाव मिलिमीटरचं भोक वाचलं, आणि म्हणाले, "भावा, ह्येला आमच्याकडं ड्रिल न्हाई, डास बोलवावा लागंल." च्या पाजला आणि पाठवून दिलं.

पण डास म्हणल्यावर माझ्या डोक्यात सुई आली. हिशोब बघा. दिल्लीच्या तोफा सहा इंची, नळीची लांबी व्यासाच्या 50 पट म्हणजे 300 इंच, भागिले 600, बरोबर अर्धा इंच. तोंडाचा व्यास 152 मिमी, भागिले 600, म्हणजे साधारण 0.25 मिमी. आणि मेडिकलमध्ये मिळणारी 26 नंबरची इंजेक्शनची सुई असते अर्धा इंच लांब, आतलं भोक 0.26 मिमी! हे जुळल्यावर मी रात्री साडेअकराला बायकोला उठवून सांगितलं, तिनं कूस बदलली. मेडिकलवाल्यानं मात्र नुसत्या सुया पाहिजेत, सिरिंज नको म्हणल्यावर माझ्याकडं असं बघितलं की दोन सिरिंज उगीचच घेऊन आलो.

सुई मिळाली पण कापायची कशी? कारण नळीचा मागचा भाग टरेटच्या आत असतो, बाहेर दिसते तेवढीच ठेवायला पाहिजे आणि सहाच्या सहा सारख्या लांबीच्या पाहिजेत, शिवाय इंजेक्शनच्या सुईचं टोक तिरकं असतं तेही उडवायचं. पकडीनं तोडली की दबते आणि भोक बंद. इथं काका आले. आता या काकांचं वर्णन करायचं तर, गल्ल्यावर बसतात, कपाळाला भिंगाचा पट्टा कायम, आणि गिऱ्हाइकाकडं बघायच्या आधी त्याच्या हाताकडं बघतात. सुया बघून म्हणाले, "कशाला पायजे ते सांगा, मग हत्यार सांगतो." मी सांगितलं. ते हसले नाहीत, हे महत्त्वाचं. लाखेचा एक तुकडा दिव्यावर धरून मऊ केला, सहाच्या सहा सुया शेजारी शेजारी त्यात रोवल्या, गार होऊ दिलं, मग छताला टांगलेल्या मोटारीला कागदासारखी पातळ डिस्क लावून एका दमात सगळ्या सपाट कापल्या. लाख धरून ठेवते म्हणून सुई थरथरत नाही. घरी आणून स्पिरिटात टाकलं, लाख विरघळली, सहा तोफा मोकळ्या. कापायचे पैसे घेतले नाहीत, डिस्कचं पाकीट मी लाजेखातर घेतलं.

हे मी का सांगतोय, तर ऑनलाइन मागवलेल्या हॉबी टूलच्या डब्यातनं हे शिकायला मिळत नाही. तिथं मिळतो रंगीत दांड्याचा चिमटा, किंमत दुप्पट, आणि दोन्ही टोकं एकमेकांना भेटतच नाहीत. एकदा तर एका ऑनलाइनवाल्यानं कस्टम भरून आणलेला पितळी जाळीचा पत्रा असा घडी घालून पाठवला की उघडल्यावर मी पाच मिनिटं गप्प बसलो. काकांच्या दुकानात चिमटा ट्यूबलाइटसमोर धरून मिटवून बघायचा, टोकामधनं उजेड दिसला की परत ठेवायचा. ते स्वतःच तसं करायला लावतात. 5 नंबरचा सरळ आणि 7 नंबरचा वाकडा, हे दोन घ्या, बाकीच्यांचा मोह नको.

पितळी जाळी म्हणलं ते फोटो-एच. रेलिंग, शिड्या, रडार, क्रेन असल्या गोष्टी ॲसिडनं कोरून काढलेल्या पातळ पत्र्यात येतात, जाडी एक-दोन दशांश मिलिमीटर. डेकवरचं रेलिंग खरं असतं साधारण एक मीटर उंच, 1/600 ला ते येतं 1.7 मिमी, त्यात तीन आडव्या तारा. हे नुसत्या बोटांनी वाकवायला गेलं की मोडतं नाहीतर गुंडाळी होते. काकांकडं बिनदात्यांची सपाट पकड मिळते, जिचा व्रण उठत नाही, ती नसेल तर फोटो-एचच्या वाटेला जाऊ नका. आणि ताव द्यायला पण त्यांनीच शिकवलं: पितळ ज्योतीवर हलकं लालसर होईपर्यंत धरायचं, सोडायचं, गार झालं की पत्रा कसा ऐकतो बघा. साजातला मासा आणि कासव ही माणसं करतात, नखाएवढी, आत लाख भरून, त्यांना माझं रेलिंग म्हणजे किस झाड की पत्ती.

एक फजिती पण सांगतो, चूक सगळी माझी. डोलकाठी पितळी तारेची केली, तीन पायांची, आणि ती झाळायला मी सोनारासारखं टाकणखार लावून चांदीच्या झाळीनं करायला गेलो. ती झाळ वितळायला 700 अंशांच्या आसपास लागतं आणि पितळ साधारण 900 ला स्वतःच जातं, त्यात माझा पत्रा केवढासा. डोलकाठीवरचं रडार डोळ्यादेखत गोळी होऊन खाली पडलं. काकांना सांगितलं तर म्हणाले, "तुमचं काम रेडिओवाल्याचं, सोनाराचं न्हवं, साधं कथील लावा." कथील-शिशाची सोल्डर 190 च्या आत वितळते. झाळायला त्यांच्याकडनंच घेतलेला टॉर्च, म्हणजे ज्योतीचा बर्नर, परत करू का विचारलं तर घेतला नाही, विकलेला माल परत नाही असा तिथं नियम आहे, तो आधीच माहीत असू द्या.

उणी बाजू पण लिहितो. गोंद, रंग, प्लास्टिकच्या पट्ट्या, डिकल म्हणजे मॉडेलवर चिकटवायची छापील चिन्हं, यातलं काहीही तिथं मिळत नाही, विचारू पण नका. 10 पट मोठं दाखवणारं भिंग मी हौसेनं घेतलं, ते डोळ्याला लावून इंचभरावर धरलं तरच दिसतं, म्हणजे झालेल्या कामातली चूक बघायला उत्तम आणि काम करायला निरुपयोगी. त्यापेक्षा कपाळाला बांधायचं दोन-अडीच पटीचं घ्या. कानशींवर स्विसचा शिक्का असतो, तो प्रत्येक वेळी खरा नसतो, पण काका विचारल्यावर तोंडावर सांगतात, "शिक्का स्विसचा हाय, माल न्हाई." करवतीची पाती 6/0 नंबरची डझनावर घ्या, दात मुठीकडं ठेवून लावायची, ओढताना कापतं, आणि प्लास्टिकवर सावकाश चालवा, नाहीतर ते तापून वितळतं आणि पातं त्यातच अडकतं. पितळेला वापरलेली कानस प्लास्टिकला लावू नका. पाचपैकी साडेचार देतो, अर्धा तो टॉर्च परत न घेतल्याचा.

तारांचं काय, म्हणजे डोलकाठीपासनं मागं-पुढं ताणलेल्या वायरलेसच्या तारा. इथं सोनार पण हात टेकतो. काकांनी कौतुकानं तांब्याची तार ओढून दिली, लोखंडी पट्टीच्या एकाहून एक बारीक भोकांतनं, शेवटी एक दशांश मिलिमीटर. मी घरी येऊन 600 नं गुणलं तर सहा सेंटिमीटर जाडीचा दोरखंड झाला. माणसाचा केस 0.07 मिमी धरला तरी तो चार सेंटिमीटरचा होतो, आणि खरी तार असते एक-दीड सेंटिमीटरची. म्हणजे केससुद्धा जाड पडतो हो! त्याला एकच उपाय, किटचे सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या फ्रेमला धरून येतात तिची काडी मेणबत्तीच्या वर, ज्योतीत नाही, मऊ होईपर्यंत धरायची आणि दोन्ही हातांनी एका श्वासात ताणायची, कोळ्याच्या जाळ्यासारखी तार निघते. पंखा बंद करून. मी चौदा ताणल्या, तीन कामाच्या निघाल्या.

आणि हे सगळं जुलै-ऑगस्टमध्ये करू नका. आपल्याकडचा पाऊस तुम्हाला माहीतच आहे, पंचगंगा पात्राबाहेर आली की घरातल्या चपलांना पण बुरशी. झटपट चिकटणारा गोंद हवेतल्या ओलाव्यावरच वाळतो, त्यामुळं पावसाळ्यात तो तुम्ही भाग जागेवर न्यायच्या आधीच धरतो आणि भोवती पांढरी भुरी सोडतो, करड्या बोटीवर ती राखेसारखी दिसते. लॅकरचा रंग पण पांढुरका पडतो. मी पावसात फक्त घासकाम करतो.

परवा तिन्ही टरेट डबीत कापसावर ठेवून काकांना दाखवायला नेले. दुकानात दोन कारागीर बसलेले, एकानं विचारलं पाण्यावर तरंगतीया का, मी नाही म्हणलो तर त्याचा इंटरेस्ट गेला. काकांनी 10 चं भिंग लावलं, डबी उजेडाकडं वळवली, बराच वेळ बघितलं. मी वाट बघतोय की आता कौतुक येणार. "मधल्या बुरजाची डावी नळी खाली बघतीया," म्हणाले. घरी येऊन बघितलं, खरंच बघतीया. सोडवून परत लावायला बसलोय.