परळचं स्कॅन सेंटर, होल बॉडी एमआरआयसाठी

आधी कामाचं सांगते, घरात मायक्सॉइड लायपोसार्कोमाचा (चरबीच्या पेशींपासून होणारा एक कॅन्सर) पेशंट असेल तर पेट स्कॅन क्लीन आला म्हणून निर्धास्त होऊ नका. बहुतेक सार्कोमा (हाडं, स्नायू, चरबी अशा भागांत होणारे कॅन्सर) पसरले की आधी फुफ्फुसात जातात म्हणून छातीचा सीटी सगळ्यांनाच सांगतात, पण हा प्रकार मणक्यात, कमरेच्या हाडांत, पोटामागच्या चरबीत असा कुठेही जाऊ शकतो, आणि पेटमध्ये जे साखरेचं इंजेक्शन देतात ती साखर ही गाठ बऱ्याचदा फारशी ओढतच नाही, मग स्कॅनमध्ये उजळणार काय? हाडातलं तर बोन स्कॅनमध्येही सुटू शकतं. दादाच्या मांडीतली गाठ याच प्रकारची, म्हणून त्याच्या सर्जननी होल बॉडी एमआरआय लिहून दिला.

सेंटर परळ स्टेशनपासून चालत जाण्यासारखं आहे. मला सगळ्यात आवडलं ते म्हणजे अपॉइंटमेंट देतानाच त्यांनी बायोप्सीचा रिपोर्ट मागितला. पेट नेहमी साधारण मांडीच्या मध्यापर्यंतच घेतात, इथे डॉक्टरांनी गाठ कुठे होती ते बघून पाय पण पूर्ण घ्यायला सांगितले. बुकिंग करताना हे तुम्ही स्वतः विचाराच, कारण 'होल बॉडी' म्हटलं तरी प्रत्येक ठिकाणी डोक्यापासून पायापर्यंत घेतीलच असं नाही.

तासभर न हलता पडून राहायचं, मशीनचा आवाज प्रचंड, एसी कडक. दादाला बंद जागेची भीती वाटते तर टेक्निशियन ताई दर थोड्या वेळाने माईकवरून "आता पोटाचा भाग, श्वास रोखा" असं सांगत होत्या, हातात दाबायची बेल होती, त्यामुळे निभावलं. याला रेडिएशन नाही, दादाला पुढची कित्येक वर्षं फॉलोअप लागणारे त्यामुळे आमच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

रिपोर्टमध्ये मणक्याचा, ओटीपोटाचा, दोन्ही पायांचा वेगवेगळा उल्लेख होता, आधीच्या फिल्म्सशी तुलना पण केलेली. छातीचा सीटी मात्र वेगळा करावाच लागतो, फुफ्फुसातले बारीक ठिपके एमआरआयमध्ये तेवढे नीट दिसत नाहीत.

एकच तक्रार, सीडीसाठी फार खेटे घालायला लावले. सर्जनला नुसता कागद नाही, फोटो पण बघायचे असतात, त्यामुळे सीडी घेतल्याशिवाय बिल क्लोज करू नका.